पायाच्या अंगठ्याचे ‘हाड वाढणे’ : समज, गैरसमज आणि उपचार



शरीराचा सारा भार पाय वाहतात, पण आपण लक्ष देतो ते सर्वांत शेवटी पायांकडेच. मी डॉक्टर नाही, बँकेतील कारकून आहे. परंतु अकोल्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या दुखण्यामुळे या विषयाचे थोडे वाचन घडले आणि डॉक्टरांना अनेक प्रश्न विचारता आले. ती माहिती येथे देत आहे.

ताई अंगणवाडी सेविका आहे. तिच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या बुडाशी हाड वर आले होते. डाव्या पायाचा अंगठा तर शेजारच्या बोटावर चढला होता. कोणी तेल चोळायला सांगितले. एका माणसाने अंगठा ओढून ‘हाड बसवून’ दिले, त्यानंतर आठ दिवस तिला पाय टेकवेना. लोकांना पाय दिसू नये म्हणून ती लग्नकार्यातही बंद चपला घाली, आणि दुखणे त्यामुळेच वाढत होते.

हा विकार काय आहे?

डॉक्टर याला ‘बनियन’ म्हणतात. अंगात घालायच्या बनियनशी त्याचा संबंध नाही! शास्त्रीय नाव ‘हॅलक्स व्हॅल्गस’. येथे हाड वाढत नाही, ते सरकते, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. अंगठा बोटांकडे झुकतो, त्याच्या मागचे पावलातील हाड उलट दिशेला जाते, आणि मधला सांधा बाहेर डोकावतो. चप्पल-बूट घासून तेथे सूज येते.

कारणे

पावलाची ठेवण बरीचशी आनुवंशिक असते. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. निमुळते, उंच टाचेचे जोडे त्यात भर घालतात. हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बूट घालणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोकांत ही विकृती दिसली, तर अनवाणी राहणाऱ्यांत सुमारे २ टक्केच. अर्थात अनवाणी फिरा असा याचा अर्थ नव्हे. वऱ्हाडातल्या शेतात काटा आहे, विंचू-साप आहेत. जोडा हवाच, पण पायाच्या आकाराचा हवा.

शस्त्रक्रियेविना उपचार

१) कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी व त्यावर जोडा ठेवावा. रेघ बाहेर दिसली तर तो जोडा आपला नव्हे. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.
२) पुढे रुंद, मऊ व कमी टाचेचे जोडे वापरावेत. सांध्यावर मऊ गादी लावावी, दुखल्यास फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवावा.
३) वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

या उपायांनी वेदना कमी होते, पण मोठ्या माणसाचा वाकडा अंगठा सरळ होत नाही. पट्टे, तेल वा मालिश यांनी ‘हाड आत जाईल’ असे कोणी सांगितल्यास पैसे जपावेत.

शस्त्रक्रिया केव्हा?

जोडे बदलूनही चालणे, उभे राहणे, झोपणे कठीण झाले तर. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून नव्हे. उभे राहून एक्स-रे काढतात. बहुधा हाड कापून जागेवर सरकवतात व स्क्रूने बसवतात. साधारण सहा आठवडे खास चप्पल वापरावी लागते. सूज काही महिने राहू शकते. जंतुसंसर्ग, सांधा आखडणे, बधिरता, विकृती परत येणे हे धोके आधीच विचारून घ्यावेत. खर्रा, तंबाखू, विडी आधी सोडावी, निकोटिनमुळे हाड जुळण्यास उशीर होतो.

फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया, बुटातील खास तळवा आणि नुसते थांबणे यांची तुलना केली गेली. तळव्याने सहा महिन्यांपर्यंत आराम दिला, वर्षअखेरीस मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना सर्वांत कमी होती.

सावधान

सांधा अचानक लाल, गरम होऊन रात्री असह्य दुखला तर ते वातरक्त असू शकते. ताप वा पू असल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाच्या रुग्णांनी जखमेकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये. पायाची संवेदना गेलेली असेल तर जखम दुखत नाही आणि म्हणूनच ती वाढते. अमरावतीचे ‘इर्विन’ किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे अस्थिरोग विभागात दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, याची चौकशी तेथेच करावी.

ताईचा उजवा पाय रुंद चपलांनीच निभावला. डाव्याची शस्त्रक्रिया करावी लागली. अडीच महिन्यांनी ती पुन्हा अंगणवाडीत उभी राहिली. ती म्हणते, “पाय लपवण्यात माझी दहा वर्षे गेली.”

पालकांना एक विनंती. बूट फाटले नाहीत म्हणून तोकडे झालेले बूट मुलांना घालायला लावू नका. आणि घरातील आई-बहिणीला आज एकदा विचारा, “पाय दुखतो का?” ती आपणहून सांगणार नाही.