लाल कानाचे कासव

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात, काचेच्या एखाद्या उथळ पात्रात, रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठी अशी हिरवीगार पिले एकमेकांच्या पाठीवर चढताना दिसतात. दिल्ली, कोलकाता, चेन्नई किंवा मुंबई, कोणत्याही मोठ्या शहरात हे दृश्य जवळजवळ सारखेच असते. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंस तांबडा पट्टा असल्यामुळे या प्राण्याला ‘लाल कानाचे कासव’ असे नाव पडले आहे. वस्तुतः कासवाला बाहेरून दिसणारा कान नसतोच. पट्ट्याच्या आसपास त्वचेलगत कानाचा पडदा असतो, एवढाच काय तो त्या नावाला आधार. शास्त्रज्ञ त्याला ‘ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स’ म्हणून ओळखतात.

त्याचे मूळ स्थान अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व त्यालगतचा प्रदेश होय. तेथील संथ पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर ही कासवे तासन्‌तास ऊन घेत बसतात आणि जराशी चाहूल लागताच घसरून पाण्यात जातात. या घसरण्यावरूनच त्यांना ‘स्लायडर’ हे इंग्रजी नाव मिळाले. ओंडका, ऊन आणि खोल पाणी या तीन गोष्टी पाळणाऱ्याने पहिल्यापासून ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढे या कासवाच्या संगोपनाविषयी जे काही सांगावयाचे आहे ते या तिहींतूनच निघते.

लुइझियाना राज्यात या कासवांची पैदास करणारी मोठमोठी केंद्रे उभी राहिली आणि तेथून पिले जगभर जाऊ लागली. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून सुमारे ५ कोटी २० लाख पिलांची निर्यात झाली. कासवांना नायक बनविणारी एक चित्रकथा व तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका त्याच सुमारास लोकप्रिय झाली होती. तिचाही या मागणीला हातभार लागला. भारतात ही पिले अनेकदा चोरट्या मार्गाने येतात. आग्नेय आशियातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात दडविलेली शेकडो पिले सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पकडली आहेत. घरात कासव असल्यास भाग्य उजळते, ही समजूत विक्रेत्याला फार उपयोगी पडते. त्याच्या जोडीला तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती अशी की हे कासव एवढेच राहते. पहिले विधान श्रद्धेचा विषय असल्याने बाजूला ठेवता येईल. दुसरे मात्र निखालस खोटे आहे.

मादी पूर्ण वाढली की तिच्या कवचाची लांबी २५ सेंटिमीटरपर्यंत आणि क्वचित ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. नर त्या मानाने लहान राहतो. त्याच्या पुढील पायांची नखे लांब व शेपटी जाड असते, त्यावरून तो ओळखू येतो. परंतु पिलात हा भेद दिसत नाही. आयुर्मर्यादा तीस वर्षे वा त्याहून अधिक असू शकते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी घरी आणलेले कासव त्या मुलाच्या चाळिशीपर्यंत सोबत करील. ते ‘एवढेच’ राहिले, तर त्याचा अर्थ त्याची वाढ उपासमारीने, अंधाराने किंवा अपुऱ्या जागेने खुंटली आहे, असाच समजावा. वाटीएवढ्या भांड्यात, प्लॅस्टिकच्या झाडाखाली ठेवलेली बहुतेक पिले वर्ष उलटण्यापूर्वीच मरतात. कासवाचा चयापचय मंद असल्याने हे मरण महिनोन्‌महिने चालते आणि घरातील कोणाच्याही लक्षात येत नाही. कुत्रा उपाशी राहिला तर केकाटतो, कासव मात्र आवाज करीत नाही.

दहा सेंटिमीटर लांबीच्या कासवाला निदान दीडशे लिटर पाणी हवे आणि वाढलेल्या मादीला चारशे लिटरही फार होत नाही. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो वजन. तेव्हा टाकी सज्जात ठेवण्यापूर्वी खालच्या लादीचा विचार अवश्य करावा. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट असावी. उथळ पाणी सुरक्षित, असा समज चुकीचा आहे. उताणे पडलेल्या कासवाला पालथे होण्याइतके पाणी मिळाले नाही तर ते बुडून मरू शकते. पाण्याबाहेर, सहज चढता येईल असा आणि पूर्णपणे कोरडा असा एक कट्टा हवाच. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बराचसा उडून जातो. कासव पाण्यातच खाते व पाण्यातच मलविसर्जन करते, म्हणून माशांच्या टाकीसाठी पुरेल असे गाळणयंत्र येथे पुरत नाही. त्याच्या दुप्पट क्षमतेचे घ्यावे, आणि तरीही दर आठवड्याला चतुर्थांश ते एकतृतीयांश पाणी बदलावे.

उन्हाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कवच व हाडे घडविण्यासाठी कॅल्शियम लागते. ते शरीरात शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेआडून येणारे ऊन कासवाला ऊब देते, हाडे देत नाही. त्यामुळे एक तर त्याला रोज काही वेळ उघड्यावरील कोवळ्या उन्हात ठेवावे, किंवा अतिनील किरण देणारा खास दिवा कट्ट्यावर लावावा. उन्हात ठेवताना काचेची टाकी कधीही वापरू नये, कारण भर उन्हात तिच्यातील पाणी पाहता पाहता तापून प्राणी दगावतो. पसरट टब घ्यावा, त्याचा अर्धा भाग सावलीत ठेवावा व वरून जाळी घालावी. कावळे आणि घारी यांना लहान पिलू सहज उचलता येते. दिव्याच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. सहा महिने ते वर्षभरात त्याचे अतिनील किरण क्षीण होतात, पण उजेड मात्र पूर्वीसारखाच पडत राहतो. म्हणून दिवा बसविल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. त्याच वहीत दर महिन्याला कासवाचे वजन व कवचाची लांबी नोंदविल्यास पशुवैद्यालाही तिचा मोठा उपयोग होतो.

कासव आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करू शकत नाही. पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस आणि बसण्याचा कट्टा ३० ते ३२ अंश असला की ते हवे तेव्हा तापते व हवे तेव्हा निवते. चेन्नई वा कोची येथे बहुतेक वर्षभर याची चिंता करावी लागत नाही. दिल्ली, लखनौ किंवा चंदीगड येथील हिवाळ्यात मात्र कासव सुस्त होऊन खाणे सोडते. अशा वेळी त्याच्या तोंडाशी अन्न धरून आग्रह करणे अपायकारक आहे, कारण थंडीत पचनक्रिया थांबते व पोटातील अन्न कुजते. आधी पाणी गरम करावे आणि मग खाऊ घालावे. पाणी तापविणारी विजेची नळी जाळीने झाकलेली असावी, नाहीतर ती फोडण्याइतके बळ मोठ्या कासवाच्या अंगी असते.

आहाराविषयी घरोघरी जे गैरसमज आहेत त्यांत सुक्या कोळंबीचा क्रमांक पहिला लागावा. दुकानदार तिची बाटली कासवाबरोबरच देतो आणि पिलू ती आवडीने खाते, परंतु केवळ तिच्यावर त्याचे पोषण होत नाही. लहान वयात हे कासव मुख्यतः मांसाहारी असते. वाढत्या वयाबरोबर ते वनस्पतींकडे वळते. म्हणून पिलाला रोज थोडे चांगल्या प्रतीचे गोळीखाद्य, अधूनमधून गांडूळ किंवा लहान मासा द्यावा. मोठ्या कासवाला एक दिवसाआड, आणि त्यात हिरव्या पाल्याचा भाग अधिक असावा. मोहरीची कोवळी पाने, किसलेले गाजर, लाल भोपळा, तलावातील हायड्रिला हे चालते. पालक रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. दूध, पाव, भात, शिजविलेले मटण यांचा त्याला काही उपयोग नाही. समुद्रफेसाचा एक तुकडा पाण्यात तरंगत ठेवावा. कासव तो कुरतडते, आणि कॅल्शियमचा याहून स्वस्त पुरवठा दुसरा नाही. पाण्याबाहेर ठेवलेले अन्न हे कासव गिळू शकत नाही. त्याला गिळण्यासाठी पाणीच लागते, याची कल्पना नसल्याने कित्येक जण ताटलीत खाद्य ठेवून वाट पाहत बसतात.

कवच दाबल्यास मऊ लागणे हे कॅल्शियम व अतिनील किरण यांच्या अभावाचे लक्षण होय. पापण्या सुजून डोळे मिटलेले राहणे हे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने घडते. पोहताना एका बाजूस कलणे, नाकातून बुडबुडे येणे, मान ताणून तोंड उघडे ठेवणे ही फुफ्फुसाच्या संसर्गाची चिन्हे असून त्यांत एक दिवसही दवडू नये. याउलट कवचावरील पातळ पापुद्रे सुटे होऊन पडणे ही वाढीची नैसर्गिक खूण आहे. ते नखाने सोलून काढू नयेत, आणि कवच चमकावे म्हणून त्यावर तेलही चोळू नये. वयात आलेली मादी नराशिवायही अंडी घालते. तिला ओलसर माती वा वाळू मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून तिच्या जिवावर बेतते.

माणसाला या प्राण्यापासून जो खरा धोका आहे तो चावण्याचा नसून साल्मोनेला या जंतूचा आहे. दिसावयास पूर्णतः निरोगी असलेल्या कासवाच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. मुलांमधील या विकाराचा कासवांशी असलेला संबंध स्पष्ट झाल्यावर अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. मूल तोंडात घालू शकेल एवढे कासव विकू नये, हा त्यामागील साधा हिशेब होता. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा दुबळी वृद्ध व्यक्ती असेल तर कासव न आणणेच शहाणपणाचे. टाकीची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नयेत आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त कटाक्षाने पाळावी.

कायद्याचीही थोडी माहिती आवश्यक आहे. भारतात गोड्या पाण्यातील व जमिनीवरील मिळून कासवांच्या २९ जाती आढळतात आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्या घरी पाळता येत नाहीत. पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेले कासव याच कारणाने निषिद्ध आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंधन आहे. कधी कधी लाल कानाचे म्हणून विकले जाणारे पिलू वस्तुतः गंगेच्या खोऱ्यातील छपरी कासव असते. त्याच्याही डोळ्यामागे नारिंगी-तांबडा डाग असतो. मात्र त्याची पाठ घराच्या छपरासारखी मध्ये उंच असून तिच्यावर कणा व टोक स्पष्ट दिसते. अशी शंका आल्यास ते विकत घेऊ नये. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांत समाविष्ट आहेत, त्यांची नोंदणी या अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने व २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. पोपट, सरडे, अजगर यांच्या पुष्कळ परदेशी जाती या कक्षेत येतात.

कासव मोठे झाले, टाकीला वास येऊ लागला, की घरातील कोणीतरी ते जवळच्या तळ्यात सोडून देते. या कृत्याला पुण्याची झालर असते, म्हणून ते रोखणे अधिक अवघड जाते. लाल कानाचे कासव काटक आहे. ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न यांसाठी ते स्थानिक कासवांशी झगडते व त्यांना रोगही देऊ शकते. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबविली. जपानने २०२३ मध्ये त्याची विक्री व मोकळे सोडणे यांवर बंदी घातली, घरी असलेली कासवे तेवढी सांभाळू दिली. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील जलाशयात ते २०१८ मध्ये आढळले, आणि गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तलावातही. या दुसऱ्या घटनेचे गांभीर्य अधिक आहे. आसामातील काळे मऊ पाठीचे कासव निसर्गातून नाहीसे झाल्याचे २००२ मध्ये जाहीर झाले होते, तेव्हा ते टिकून राहिले होते ते हाजोच्या हयग्रीव माधव मंदिरासारख्या देवस्थानांच्या तलावांत, भाविकांनी टाकलेल्या अन्नावर. उग्रतारा मंदिराचा तलाव हाही त्यांपैकीच एक होय. पिढ्यान्‌पिढ्या ज्या श्रद्धेने एक जात वाचविली, त्याच श्रद्धेने सोडलेले परके कासव आता तिच्या शेजारी जाऊन बसले आहे.

तेव्हा ज्याला सांभाळणे अशक्य झाले असेल त्याने नदी, तळे, विहीर, मंदिराचे कुंड यांपैकी कोठेही कासव सोडू नये. प्रथम ज्याच्याकडे मोठी टाकी वा बंदिस्त हौद आहे अशा अनुभवी व्यक्तीचा शोध घ्यावा. न मिळाल्यास वनखात्याचे स्थानिक कार्यालय, प्राणिसंग्रहालय किंवा प्राणिकल्याण संस्था यांच्याकडे लेखी विचारणा करावी. नकार मिळण्याची शक्यता बरीच असते, कारण अशी कासवे ठेवण्यास त्यांच्याकडेही जागा नसते. तोवर गाळणयंत्र बंद करू नये. कासव दुसऱ्याच्या स्वाधीन करताना त्याच्याबरोबर दिवा, उष्णक आणि वजनाच्या नोंदींची ती वहीही द्यावी, म्हणजे दिवा केव्हा बदलावयाचा आहे आणि ते काय खाते हे नव्या पालकाला विचारत बसावे लागणार नाही.