फिलिपाईन बेटांवरील तुफान

नकाशावर आशिया खंडाच्या आग्नेयेस पाहिलें असतां पॅसिफिक महासागराच्या कडेला बेटांची एक लांबलचक रांग दृष्टीस पडते. हें फिलिपाईन्सचें राष्ट्र. लहानमोठीं मिळून ७,००० हून अधिक बेटें त्यांत आहेत. त्यांच्या पूर्वेस शेंकडों कोस मोकळा, उबदार समुद्र पसरला आहे, आणि तेथें जन्मास येणारीं पुष्कळशीं वादळें पश्चिमेची वाट धरतात. त्यामुळें वर्षाकाठीं सुमारें २० वादळें या राष्ट्राच्या समुद्रहद्दींत शिरतात. तेथील लोक वादळास ‘बाग्यो’ म्हणतात. इंग्रजींत त्यास टायफून म्हणतात, आणि आपल्या तुफान शब्दाशीं त्याचें जवळचें नातें आहे. बंगालच्या उपसागरांत होणाऱ्या अशाच वादळास सायक्लोन म्हणतात; हा शब्द हेन्री पिडिंग्टन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत कलकत्त्यास बसून ग्रीक भाषेच्या आधारें बनविला. नांवें निराळीं, वस्तु एकच.

८ नोव्हेंबर २०१३ रोजीं या बेटांवर जें तुफान आदळलें त्याची हकीकत येथें द्यावयाची आहे. तींत शास्त्राचा भाग आहे तसा एका शब्दाचाही आहे, आणि हा दुसरा भाग विद्यार्थ्यांनीं अधिक लक्षपूर्वक वाचावा.

प्रथम वादळ जोर कसा धरतें तें पाहूं. ओल्या हातावर फुंकर घातली तर हात गार वाटतो. कारण पाण्याची वाफ होतांना ती हाताची उष्णता घेऊन जाते. ही उष्णता नाश पावत नाहीं, वाफेंत दडून राहते, आणि वाफेचें पुन्हां पाणी झालें कीं मोकळी होते. समुद्राचें पाणी २६-२७ अंश सेंटिग्रेडहून अधिक तापलेलें असलें म्हणजे त्यावरील हवा वाफेनें भरून वर चढते. उंचावर गारठून वाफेचे ढग होतात, दडलेली उष्णता बाहेर पडते, तिनें हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते, आणि खालीं हवेचा दाब कमी होतो. ती उणीव भरून काढावयास चहूंकडून हवा धांवते. तीही वाफ घेऊनच येते. अशा रीतीनें वादळ आपलें सरपण आपणच गोळा करतें.

ही धांवत येणारी हवा सरळ मध्याकडे कां जात नाहीं? पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें तिची वाट वांकडी होते आणि ती गरगर फिरूं लागते. आपल्या उत्तर गोलार्धांत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनें. दोरीस दगड बांधून फिरवीत असतां दोरी बोटाभोंवतीं गुंडाळत गेली म्हणजे दगड अधिकाधिक झपाट्यानें फिरतो, हा खेळ मुलांनीं केला असेलच. हवा मध्याजवळ येतांना तसेंच होतें. अगदीं मध्यावर मात्र एक निवांत जागा राहते. तीस वादळाचा डोळा म्हणतात. डोळा गांवावर आला कीं वारा पडतो, आणि अजाण माणूस संकट टळलें असें समजून घराबाहेर येतो. थोड्या वेळानें तोच वारा उलट बाजूनें येतो.

वादळास आवरणाऱ्या गोष्टीही आहेत. जमीन लागली कीं वाफेचा पुरवठा तुटतो. शिवाय एकाच जागीं रेंगाळणारें वादळ समुद्र घुसळून तळचें थंड पाणी वर आणतें आणि स्वतःचीच चूल विझवितें. सन २०१३ च्या या वादळाच्या वाटेंत ऊन पाणी पुष्कळ खोलवर होतें, आणि तें स्वतः इतक्या त्वरेनें चाललें होतें कीं खालचें पाणी थंड होण्यापूर्वींच तें पुढें सरके. ४ नोव्हेंबर रोजीं त्यास ‘हैयान’ हें नांव मिळालें; चिनी भाषेंत हें एका समुद्रपक्ष्याचें नांव आहे. फिलिपाईन्सच्या हवामान खात्यानें आपल्या पद्धतीप्रमाणें त्यास ‘योलांडा’ म्हटलें. ५ तारखेस तें पुरतें टायफून झालें, आणि ७ तारखेस त्याच्या मध्यावरील दाब ८९५ मिलिबारपर्यंत उतरल्याचा अंदाज जपानच्या खात्यानें केला. समुद्रसपाटीवर सामान्य दाब १,०१३ मिलिबार असतो. वाऱ्याचा वेग दर तासास २३० किलोमीटर होता, आणि झोत याहूनही मोठे होते.

वादळ येणार हें आधीं सांगण्याची विद्या या बेटांत जुनी आहे. मनिला येथें जेसुइट पाद्र्यांनीं १८६५ सालीं एक वेधशाळा स्थापिली. तेथील फादर फेदेरिको फौरा हे दाबमापकावर आणि उंच, पिसांसारख्या ढगांवर रात्रंदिवस नजर ठेवीत. जुलै १८७९ मध्यें त्यांनीं लुझोन बेटाच्या उत्तर भागावर वादळ येत असल्याची सूचना प्रसिद्ध केली व ती खरी ठरली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत खुद्द मनिला शहरावर वादळ येणार असें त्यांनीं सांगतांच जहाजांस बंदर सोडण्याची मनाई झाली, आणि शहराची हानि पुष्कळ टळली. दूरच्या ज्या बंदरांस तारेची सोय नव्हती तेथें मात्र सूचना पोहोंचली नाहीं, आणि कित्येक जहाजें फुटलीं.

सन २०१३ मध्यें तारेची अडचण राहिली नव्हती. आकाशांतील उपग्रह वादळाचीं चित्रें क्षणोक्षणीं पाठवीत होते. आदल्या दिवशीं संध्याकाळीं राष्ट्राध्यक्ष आकिनो यांनीं स्वतः जनतेस सावध केलें. हवामान खात्यानें वाऱ्याबरोबर ‘स्टॉर्म सर्ज’ही येईल, आणि तो ७ मीटरपर्यंत चढूं शकेल, असें कळविलें. तरीही ६,००० हून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांतील फार मोठा भाग वाऱ्यानें नव्हे, पाण्यानें मेला.

हा सर्ज म्हणजे काय? बशींतील चहावर एका बाजूनें फुंकर घातली तर चहा पलीकडच्या कांठाशीं चढतो. वारा समुद्राचें तेंच करतो. हवेचा दाब कमी झाल्यानेंही पाणी उचललें जातें, पण तें थोडें. एका मिलिबारास सुमारें एक सेंटिमीटर. वरील आंकड्यांची वजाबाकी केली तर ११८ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच हात भरतात. बाकीचें काम वाऱ्याचें आणि किनाऱ्याच्या आकाराचें. लेते बेटावरील ताक्लोबान शहर एका उथळ, निमुळत्या होत जाणाऱ्या उपसागराच्या टोंकाशीं वसलें आहे. वादळाचा मध्य शहराच्या दक्षिणेकडून गेला; वारा फिरला आणि त्यानें उपसागराचें पाणी त्या टोंकांत कोंबलें. कांहीं ठिकाणीं तें दुमजली घराच्या उंचीस पोहोंचलें. मोठमोठीं जहाजें वस्तीवर येऊन बसलीं. त्यांतील एकाचा पुढचा भाग स्मारक म्हणून तेथेंच ठेविला आहे.

वांचलेल्या लोकांस पुढें विचारलें तेव्हां अनेकांनीं एकच उत्तर दिलें: ‘सर्ज’ हा शब्द ऐकला, पण त्याचा अर्थ कळला नाहीं, ‘त्सुनामी’ म्हटलें असतें तर डोंगराकडे पळालों असतों. वाऱ्याची तयारी त्यांनीं केली होती. आश्रयासाठीं नेमलेल्या कित्येक इमारती भक्कम होत्या, पण किनाऱ्यालगत होत्या. वास्तविक १८९७ सालीं याच भागांत असाच समुद्र आंत शिरला होता, आणि त्याची सविस्तर हकीकत फादर होसे अल्गुए यांनीं छापून ठेविली होती. ती ग्रंथालयांत राहिली. भाषा शिकविणाऱ्या माणसास ही गोष्ट विशेष झोंबते. आपल्याकडेही हा धोका नाहींच असें नाहीं. जून २०२० मध्यें ‘निसर्ग’ नांवाचें वादळ कोंकणांत आलें तेव्हां भरतीच्या पातळीवर आणखी एक ते दोन मीटर पाणी चढण्याची सूचना होती. त्यास आपण ‘उधाण’ म्हटलें, तर किनाऱ्यावरील माणसाच्या डोळ्यांपुढें पौर्णिमा-अमावास्येची नेहमींची भरती उभी राहते, आणि तिला तो भीत नाहीं!

याच्या उलट एक उदाहरण त्याच वादळांतील आहे. कामोतेस द्वीपसमूहांत तुलांग दियोत नांवाचें चिमुकलें बेट आहे. वस्ती सुमारें १,००० माणसांची. तेथें आळीआळीच्या मंडळ्या आधींपासून बांधलेल्या होत्या, आणि संकटांत कोणीं कोणास बोलावावयाचें, कोठें जावयाचें, हें ठरलेलें होतें. वादळापूर्वीं सगळें बेट रिकामें करून माणसें शेजारच्या मोठ्या बेटावर नेलीं. बेटावरचें एकूण एक घर पडलें. माणूस एकही दगावला नाहीं.

पुढच्याच वर्षीं, ६ डिसेंबर २०१४ रोजीं, ‘हागुपित’ नांवाचें वादळ पुन्हां सामार बेटावर आलें. तें हैयानइतकें बलाढ्य नव्हतें हें खरें. पण या वेळीं कोणत्या वस्तींत पाणी किती चढेल तें ठिकाणांच्या नांवांनिशीं सांगितलें होतें, आणि दहा लाखांहून अधिक लोक आधींच घरें सोडून उंचावर गेले होते.