पाण्याचा ताळेबंद हेच पाठ्यपुस्तक

प्रश्न : गावात शाश्वत विकासाच्या पुस्तिका वाटल्या, तरी ग्रामसभेतील सहभाग वाढला नाही. शिक्षणसाहित्य कसे असावे?

उत्तर : शाश्वत विकास, म्हणजे पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणे, ही कल्पना बाहेरून छापून आलेल्या पुस्तिकेतून क्वचितच रुजते, कारण तीत गावाची स्वतःची माहिती नसते आणि म्हणून ग्रामस्थांना बोलायलाही जागा उरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पावसाने मिळालेले पाणी आणि वर्षभराची गरज यांचा हिशेब, ग्रामसभेपुढे मांडून त्यानुसार पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. साहित्याचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

त्यासाठी पर्जन्यमापक, विहिरीची पातळी मोजायची खुणा केलेली दोरी, गावाचा नकाशा आणि चावडीवरचा फळा एवढे पुरते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, हे सूत्र शाळेतील मुलांनाही वापरता येते. मात्र त्यातील बरेचसे पाणी वाहून जाते किंवा बाष्परूपाने उडते, हेही फळ्यावर दिसलेच पाहिजे. माणशी रोज 55 लिटर धरल्यास हजार वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर लागतात; जनावरांचा वाटा त्यानंतर आणि शेतीचा शेवटी मांडावा. मोजणीत स्त्रिया व भूमिहीन कुटुंबे नसतील, तर आकडे अचूक असूनही ताळेबंद अपुराच राहतो. पुस्तिका छापायचीच असेल, तर ती या नोंदींतून, पहिल्या वर्षानंतर तयार करावी.