डुकरं टेम्पोत चढेनात

प्रश्न : खालापूर तालुक्यात माझं छोटं वराहपालन आहे. टेम्पोत चढवताना डुकरं अडतात, किंचाळतात. मे महिन्यात त्यातलं एक वाटेतच दगावलं. काय चुकतंय?

उत्तर : आधी काठी टाका. कान ओढणं, शेपूट पिरगाळणंही बंद. डुकराला जवळपास चहूबाजूचं दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं नाही. म्हणून थेट मागे उभं न राहता खांद्याच्या जरा मागे, बाजूला राहा. ते आपसूक पुढे सरकतं. हाती प्लायवूडची फळी धरा. फट दिसली की डुक्कर घुसतं, फळी दिसली की वळतं. एका वेळी चार-पाचच हाका.

अडण्याचं कारण बहुतेकदा वाटेतच असतं : लोंबणारी दोरी, चकाकणारं डबकं, पुढ्यात अंधारा टेम्पो. एकदा डुकराच्या उंचीवर बसून ती वाट न्याहाळा. लोक हसतील, हसू द्या. चढणीची फळी 20 अंशांपेक्षा उभी नको आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोका.

मे महिन्यातला मृत्यू बहुधा उष्म्याचा. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यात आपली दमट हवा. पहाटेच निघा. आदल्या रात्री खाद्य बंद, पाणी मात्र चालू. वेगवेगळ्या कप्प्यांतली डुकरं एकत्र भरू नका, ती भांडतात. बोरघाटात गाडी खोळंबली तर ताडपत्री बाजूने उघडा, अंगावर पाणी शिंपडा. पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवाच. तो कायद्याने लागतो.