भूगर्भांतील वाफ व सार्वजनिक भांडवल

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं वज्रेश्वरीचीं किंवा रत्नागिरी जिल्ह्यांतील उन्हवऱ्याचीं ऊन पाण्याचीं कुंडें पाहिलीं असतील, त्यांस पृथ्वीच्या पोटांत उष्णता आहे हें निराळें सांगावयास नको. परंतु त्या उष्णतेपासून वीज काढतां येते, आणि ती काढतांना यंत्रविद्येपेक्षां पैशाचा प्रश्न अधिक बिकट ठरतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रस्तुत लेखांत आफ्रिकेंतील केनिया देशाच्या उदाहरणावरून हा प्रश्न समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहों.

प्रथम कृति पाहूं. ज्या ठिकाणीं वितळलेला खडक भूपृष्ठाच्या बराच जवळ आलेला असतो, तेथें भेगांतून खालीं मुरलेलें पाणी अतिशय तापतें. तेथवर दोन-तीन हजार मीटर खोल विहीर पाडली म्हणजे वाफ व उकळतें पाणी हीं आपल्याच दाबानें वर येतात. पाणी निराळें काढून वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. टर्बाइन फिरतें आणि त्यास जोडलेलें जनित्र वीज निर्माण करितें. उरलेलें पाणी पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्या विहिरीवाटे पुन्हां जमिनींत सोडतात, म्हणजे खालचा सांठा लवकर आटत नाहीं. इ. स. १९०४ सालीं इटलींतील लार्देरेल्लो येथें अशा वाफेच्या बळावर पांच दिवे लावण्यांत आले, तेव्हांपासून ही विद्या जगास ठाऊक आहे. हिला कोळसा लागत नाहीं, तेल लागत नाहीं, आणि पाऊस वेळेवर न पडला तरी हिचें काम अडत नाहीं.

मग जेथें जेथें अशी उष्णता आहे, तेथें तेथें विजेचे कारखाने कां उभे राहिले नाहींत? याचें उत्तर आमच्या दख्खनच्या शेतकऱ्यास विचारावें. पाणाड्यानें दाखविलेल्या जागीं तो कर्ज काढून विहीर खोदतो. पाणी लागलें तर बागाईत होतें. न लागलें तर विहीर कोरडी राहते आणि कर्ज मात्र फेडावेंच लागतें. वाफेच्या विहिरीची गोष्ट अशीच आहे. फरक एवढाच कीं, एकेका विहिरीस कित्येक दशलक्ष डॉलर खर्च येतो. भूगर्भशास्त्रज्ञ नाना परीक्षा करून जागा सुचवितात, पण खालीं पुरेशी वाफ आहे कीं नाहीं, याचा निर्णय खोदल्यावांचून होत नाहीं. कोळशावर वीज काढणारा इंधनाचे पैसे वर्षानुवर्षें देत राहतो. येथें पुढील अनेक वर्षांचें इंधन जणूं आरंभींच, आणि तेंही न पाहतां, विकत घ्यावें लागतें. अशा वेळीं बँका कर्ज देण्यास कचरतात, यांत नवल नाहीं.

केनियांतील नैवाशा सरोवराच्या दक्षिणेस, पूर्व आफ्रिकेच्या प्रसिद्ध खचदरींत, ओल्कारिया नांवाचें ठिकाण आहे. तेथें १९५६ सालीं खोदकामास आरंभ झाला. परंतु पहिल्या दोन विहिरींनीं निराशा केली व काम थांबलें. १९७० नंतर संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें पुन्हां शोध झाला, आणि १९८१ सालीं १५ मेगावॉटचें पहिलें यंत्र सुरू झालें. म्हणजे प्रथम जमीन खोदल्यापासून पहिली वीज मिळेपर्यंत पंचवीस वर्षें गेलीं! इतका काळ धीर धरणारा खासगी भांडवलदार विरळाच. तो धीर तेथें सरकारास धरावा लागला. पुढें १९९९-२००० च्या सुमाराच्या अवर्षणांत तेथील जलाशय आटले व वीज वांटून देण्याची पाळी आली, तेव्हां या धिमेपणाचें मोल लोकांस कळलें.

आतां पैसा कसा उभारला तें पाहूं. तेथील वीज उत्पन्न करणाऱ्या मुख्य कंपनीस केनजेन म्हणतात. २००६ सालीं सरकारनें तिचे शेंकडा ३० भाग जनतेस विकले व ७० आपल्याकडे ठेविले. २००९ सालीं तिनें कर्जरोखे काढले. मागणी १५ अब्ज शिलिंगांची असतां लोकांनीं तिच्याहून पुष्कळ अधिक रक्कम देऊं केली. वाफ हातीं आल्याची खात्री पटल्यावर जागतिक बँक, युरोपीय गुंतवणूक बँक, जपान इत्यादिकांनीं दीर्घ मुदतीचीं कर्जें दिलीं, आणि २०१४-१५ च्या सुमारास ओल्कारियास १४० मेगावॉटचे दोन नवे विस्तार झाले. मोठा कारखाना उभा होईपर्यंत विहिरी रिकाम्या राहूं नयेत, म्हणून कांहींच्या तोंडाशींच लहान यंत्रें बसवून उत्पन्न सुरू करण्याची युक्तिही केनजेननें योजिली.

खोदकामाचा धोका स्वतंत्रपणें उचलण्यासाठीं सरकारनें २००८ सालीं दुसरी एक कंपनी स्थापिली. ती विहिरी पाडते व सिद्ध झालेली वाफ खासगी कारखानदारांस विकते. मेनेंगाई येथें तिनें २०११ सालीं खोदकाम आरंभिलें. तेथील वाफेवर पहिल्या खासगी कारखान्याची वीज २०२३ सालीं मिळाली.

यांतील तत्त्व सोपें आहे. एका शेतकऱ्याची एक विहीर कोरडी निघाली तर तो बुडतो. साऱ्या गांवानें मिळून दहा विहिरी खोदल्या, तर दोन कोरड्यांचा खर्च आठांवर वांटला जातो. धोका नाहींसा होत नाहीं; तो सोसण्याजोगा होतो. अलीकडच्या काळांत केनियाच्या एकंदर विजेंत भूगर्भांतील वाफेचा वांटा सर्वांत मोठा आहे, हें या धोरणाचें फळ होय.

तथापि दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. एक, परकी चलनांत घेतलेलें कर्ज परकी चलनांतच फेडावें लागतें. शिलिंग घसरला कीं वाफ तेवढीच राहूनही कर्जाचें ओझें वाढतें. दुसरी याहून महत्त्वाची. ओल्कारियाच्या विस्तारासाठीं २०१४ सालीं मसाई लोकांचीं कित्येक कुटुंबें आपल्या वस्त्या सोडून दुसरीकडे गेलीं. नवीन जागा व भरपाई यांविषयीं त्यांनीं जागतिक बँकेच्या तपासमंडळाकडे व युरोपीय बँकेकडे तक्रारी नेल्या, आणि पुढें मध्यस्थांमार्फत तडजोड करावी लागली. शोधाचा धोका साऱ्या राष्ट्रानें वांटून घ्यावयाचा, आणि जागा सोडण्याचें दुःख मात्र कांहीं गुराख्यांनींच सोसावयाचें, हा हिशेब बरोबर नव्हे.

सार्वजनिक भांडवलाचें खरें मोल त्याच्या धीरांत आहे, असें आम्हांस वाटतें. तो धीर कोरड्या विहिरीपुढें जसा टिकावा लागतो, तसाच ज्यांची जमीन घ्यावयाची त्यांचें म्हणणें ऐकतांनाही टिकला पाहिजे.