घरात आणि बाजारात एकच स्पीकर? घेण्याआधी हे बघा

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात स्टॉल लावायचा आणि बाकीचे दिवस तोच ब्लूटूथ स्पीकर घरच्या क्लासला वापरायचा, असा विचार आहे ना? मग निवड बाजाराच्या हिशेबाने करा.

दुकानाच्या खोलीत कुठलाही स्पीकर दणदणीत वाटतो, कारण भिंती आवाज परत फेकतात. उघड्यावर भिंतीच नाहीत. तिथे अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून दुकानदाराला सरळ सांगा, "भाऊ, जरा बाहेर रस्त्यावर लावून दाखवा." वीस पावलं लांब उभे राहा. गाणं नको, मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात मालाचा भाव रेकॉर्ड करून तो वाजवा. शब्द कळले तरच पुढचं बोलणं!

खोक्यावरचा पीएमपीओचा मोठा आकडा सोडून द्या, आरएमएस वॅट विचारा. बॅटरीचे तास बहुधा मध्यम आवाजावर मोजलेले असतात. फुल आवाजात ते बरेच कमी भरतात. आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील, धुळीची हमी नाही. धूळ-पाणी दोन्हीसाठी आयपी६७ बघा.

आणि हो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. पैसे मोजण्याआधी बाजारात ती मिळते का, हे विचारून या. नाही मिळाली तर घरापुरता छोटा स्पीकर घ्या आणि उरलेले पैसे मालात घाला.