भागाकाराआधी

चि. बाळास,


तुझा तापमानाचा प्रोग्राम पाहिला. फॅरनहाइट कितीही दिलं तरी सेल्सिअस शून्यच येतं, म्हणून तू कंपायलरवर चिडली आहेस. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तू आधी ५/९ लिहिलंस. दोन्ही पूर्णांक, म्हणून सी भाषेत भागाकारही पूर्णांकी झाला: भाग शून्य, बाकी पाच, आणि बाकी टाकून दिली. त्यापुढे (फॅ - ३२) ने गुणून काय हाती लागणार?

उत्तराचं व्हेरिएबल फ्लोट केलंस, पण त्यात पडलं ते तयार शून्यच. उत्तर कुठे ठेवायचंय हे भागताना सी बघतच नाही. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना काय आहे एवढंच बघते. (५/९) ला बाहेरून डबलचं कास्ट लावणं हेसुद्धा वरातीमागून घोडं. ५.०/९ लिही.

कर्निहन आणि रिची यांच्या पुस्तकाची १९८८ची दुसरी आवृत्ती काढ. पहिल्याच प्रकरणात हेच कोष्टक आहे. तिथे आधी पाचाने गुणून मग नवाने भागलंय, तरी २० फॅरनहाइटसमोर -६ छापलंय; खरं उत्तर -६.७ च्या आसपास. हे त्यांनी जाणूनबुजून दाखवलंय आणि लगेच पुढे दुरुस्तही केलंय. गंमत म्हणजे तोच भागाकार पायथनमध्ये दुहेरी तिरक्या रेघेने, -६०//९ असा, केलास तर -७ येतं. सी शून्याकडे छाटते, पायथन खालच्या पूर्णांकाकडे जातो. उणे आकडे आले की हा फरक हमखास नडतो.

आता लगेच सगळीकडे डबल करत सुटू नकोस. विशेषतः पैशात. ०.२९ रुपयांना १०० ने गुणून पूर्णांक केलास, तर पायथन २८ पैसे देईल! ०.२९ बायनरीत नेमका मावत नाही, गुणाकार २९ च्या किंचित अलीकडे थांबतो आणि छाटला जातो. हिशेब पैशांतच ठेव, पूर्णांकात. शंभर रुपये तिघांत वाटायचे तर १०,००० पैशांचे प्रत्येकी ३,३३३, बाकी १. तो एक पैसा कुणाला द्यायचा हे प्रोग्रामात तुलाच लिहावं लागेल.

दुरुस्ती झाली की -४० घालून तपासशील, तिथे दोन्ही मापं सारखी म्हणून. पण पूर्णांकी भागाकारानेही ते उत्तर बरोबर येऊ शकतं. २० घालून बघ.

तुझा,
मामा